गिरगावातले एक वयोवृद्ध संस्कृत पंडित

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख आणि हातात कार्ड, असा चर्चमधून घरी आलो. कार्डावर चाळीस चौकोन आहेत. उपवासकाळात रोज सकाळी शास्त्राचा नेमलेला भाग वाचायचा, त्यावर मनन करायचं, चौकोनात खूण करायची आणि पुनरुत्थानाच्या रविवारी कार्ड वेदीपाशी ठेवायचं. पाळकसाहेब म्हणाले, "ही गोष्ट तुमच्यात आणि प्रभूत राहील." मग कार्ड जमा कशाला करायचं, हे विचारणार होतो, पण शेजारी शेवंती बसली होती.

शेवंती माझी पत्नी. ही वही दुसरं कोणी वाचणार नाही, तरी माणूस आला की त्याची ओळख द्यायची, ही बातमीदाराची खोड. मग माझीही देतो. दौलत, वय त्रेपन्न, मुक्काम परळ, एका मराठी दैनिकाचा भोईवाडा कोर्टातला वार्ताहर, संस्कृतात एम. ए., तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. आजोबांनी घरदार सोडून जे धरलं, ते मला रेशनकार्डावरच्या नावासारखं आयतं मिळालं.

वही शेवंतीनेच दिली. म्हणाली, "मनन करताना मनात येईल ते लिही. छापायला मात्र देऊ नकोस."

८ मार्च, शनिवार

कार्डावर चार खुणा आहेत. त्यांतली एक प्रामाणिक.

त्या एका दिवशी काय झालं तेही लिहून ठेवतो. वाचता वाचता भाषांतरातल्या एका समासाशी अडलो आणि वीस मिनिटं त्याचा विग्रह करत बसलो. मग कोर्टाची वेळ झाली. याला मनन म्हणता येईल का, हे पाळकसाहेबांना विचारायला हवं. विचारणार नाही.

९ मार्च, रविवार

उपासनेनंतर गिरगावात अण्णांकडे गेलो.

अण्णांनी मला शाळेत पाच वर्षं संस्कृत शिकवलं. वर्गात ख्रिस्ती मुलगा मी एकटा. घरी कोणी शिकवणारं आहे का, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग आमच्या घरी ये. तेव्हापासून जातो आहे. गिरगावातलं जुनं पाठारे प्रभू घराणं. पूर्वी जमिनी होत्या, आता तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि भरपूर कपाटं. अण्णा चौऱ्याऐंशीचे. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. माणूस आल्याचं दिसतं, चेहरा दिसत नाही. अक्षराचं तर नावच नको. मुलगी क्षितिजा त्यांच्याजवळ राहते. आर्किटेक्ट आहे, दिवसभर साइटवर. मला दौलतदादा म्हणते आणि माझ्या शर्टांना नावं ठेवते.

"काय रे, तुमचे उपास सुरू झाले ना?" अण्णांनी विचारलं.

"यंदा उपास कमी, वाचन जास्त. चाळीस दिवस रोज सकाळी."

"दिवस किती झाले?"

"पाच."

"आणि वाचलंस किती?"

मी श्वास घेतला.

"दौलत, गृहपाठ न केल्याचा तुझा एक विशिष्ट श्वास आहे. तो अजून तस्साच आहे." मग म्हणाले, "उद्यापासून सहाला इथे ये. मोठ्याने वाच. मी ऐकेन."

"अण्णा, तो परळहून येणार," क्षितिजा आतून म्हणाली.

"पहिली बस रिकामी असते."

मी म्हटलं, "पण ते आमचं शास्त्र. तुम्हाला कशाला—"

"तू वाच. तेवढ्या वेळात मी माझी संध्या मनात म्हणतो की तुझं ऐकतो, ते मी बघेन. दोन माणसं पहाटे एका खोलीत शहाण्यासारखी बसली तर कोणाचं काय बिघडतं?"

१० मार्च, सोमवार

सहाला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. अण्णा खुर्चीत तयार. मी एक भाग वाचला. उच्चारांवर दोन सूचना मिळाल्या. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि उठणार, तर म्हणाले, "आता दहा मिनिटं गप्प बस."

"कशासाठी?"

"आमच्यात तुमचं ते मनन नसतं, पण गप्प बसणं आमच्याकडेही आहे."

दहा मिनिटं फार मोठी असतात. पहिल्या दोनात आजच्या जामीन अर्जाचा मथळा सुचला. उरलेल्या आठांत तो सुधारला.

शेवटी क्षितिजा औषधाची बाटली घेऊन आली. अण्णांच्या डोळ्यांत रोज सकाळी थेंब घालायचे असतात. मी म्हटलं, मी घालतो, तू आवर. ते काम आता माझ्याकडे.

१७ मार्च, सोमवार

आठवडा झाला. एकही खाडा नाही. कार्डावरच्या खुणा आता खऱ्या आहेत, आणि त्यामुळे आधीच्या जास्त खोट्या दिसतात.

आज अण्णांनी विचारलं, "हा तुमचा गुरू लोकांना बरं करतो, बोलतो, जेवतो, आणि मग दर वेळी एकटाच डोंगरावर का निघून जातो?"

"प्रार्थनेला."

"ते लिहिलंय. मी विचारतोय, एकटाच का? बारा जण होते की बरोबर."

बसमध्ये हाच प्रश्न डोक्यात होता. पन्नास वर्षांत मी हा भाग शंभरदा ऐकला असेल. ही शंका मला आली नव्हती. कोर्टात जागा मिळाल्यावर मथळ्याऐवजी हेच आठवत राहिलं.

२४ मार्च, सोमवार

अण्णांच्या डॉक्टरांनी थेंब बदलले. नवे झोंबतात, आणि सकाळी सहाच्या ठोक्याला घालायचे आहेत. म्हणून आता आधी थेंब, मग वाचन.

२६ मार्च, बुधवार

आज काहीतरी घडलं. वादळात सापडलेल्या होडीचा भाग होता. वाचता वाचता वर पाहिलं तर अण्णांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसतही नव्हते. मी आवाज खाली आणून पुढे वाचलं. नंतरच्या दहा मिनिटांत माझं मन एकदाही कोर्टात गेलं नाही. ते अण्णांच्या चेहऱ्यावरच होतं.

कोणाच्या अंतःकरणात काय चाललंय हे बाहेरच्याने म्हणू नये. तरी लिहून ठेवतो.

२८ मार्च, शुक्रवार

आजची घरसभा प्रितीबाईंकडे झाली. उपवासकाळात दर शुक्रवारी कोणाच्या तरी घरी मंडळी जमतात. गाणी, वाचन, साक्ष, आणि शेवटी प्रत्येकाने प्रार्थनेचे विषय द्यायचे. प्रितीबाई महिला मंडळाच्या चिटणीस. विषय त्या वहीत घेतात आणि सकाळी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात.

दत्ताराम म्हणून एक गृहस्थ आहेत, रे रोडला लाकडाच्या वखारीत. त्यांनी दारू सुटल्याची साक्ष दिली. साधी, अडखळत, आणि फार चांगली. खोलीत बायका रडल्या. मग माझ्यावर पाळी आली. वीस वर्षं मी एकच विषय देतो: "सर्वांना आरोग्य." आज प्रितीबाई म्हणाल्या, "दौलतभाऊ, यंदा तरी काही नवीन?"

मी सांगितलं. नाव घेतलं नाही. पंचवीस वर्षं कोर्टाच्या बातम्या लिहितोय, ज्याचं नाव छापायचं नाही त्याचं एकदाही छापलं नाही. "गिरगावातले एक वयोवृद्ध संस्कृत पंडित" एवढंच म्हणालो. रोज पहाटे शुभवर्तमान ऐकतात. परवा ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. प्रार्थना करा.

सगळीकडून "प्रभूची स्तुती असो." पाळकसाहेबांनी माझा हात धरला. दत्तारामचा धरला होता त्यापेक्षा जास्त वेळ.

येताना शेवंतीने विचारलं, "अण्णांना विचारलं होतंस?"

"नाव कुठे घेतलं?"

मग ती नाक्यापर्यंत माझ्या दोन पावलं मागे चालली. दमली असावी.

२९ मार्च, शनिवार

प्रितीबाईंची यादी आली. "स्तुतीचा विषय: गिरगावातील वयोवृद्ध संस्कृत पंडित बंधू हे आपले बंधू दौलत यांच्या सेवेद्वारे अश्रूंसह प्रभूकडे वळत आहेत." खाली हात जोडल्याची चाळीस चित्रं.

'वळत आहेत' हे माझे शब्द नाहीत. दुरुस्त करावं का, असा विचार आला. पण उपसंपादकाच्या कामात ढवळाढवळ बरी दिसत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

वाटलं, आज सुट्टी असेल. अण्णा म्हणाले, सणाला काय श्वास घेत नाहीस? मग गेलो. क्षितिजा गुढीची काठी बांधत होती. वाचन झालं, दहा मिनिटांसाठी बसलो, आणि तिने हाक मारली तेव्हा कळलं की चाळीस मिनिटं झाली होती. घड्याळ बघायचं विसरलो. त्या वेळात मी काय करत होतो हे सांगता येत नाही. मागत काही नव्हतो. कोणीतरी आहे आणि त्याला माझ्याकडून मथळा नको आहे, एवढंच कळत होतं. पन्नास वर्षांत हे पहिल्यांदा.

अण्णांनी काही विचारलं नाही. "जेवून जा," म्हणाले. श्रीखंड खाल्लं, शेवंतीसाठी डबा घेतला. क्षितिजा म्हणाली, "दादा, हे लोक तुझ्यामुळे पहाटे माणसात असतात. नाहीतर दिवसभर रेडिओशी भांडतात." हे लोक म्हणजे अण्णा.

असं रोज मिळालं तर मला दुसरं काही नको.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी सहाला बेल वाजवली. दार उघडलं नाही. फोन केला, उचलला नाही. कोर्टात साडेअकराला क्षितिजाचा फोन आला. ती मला तिच्या फ्रॉकच्या दिवसांपासून 'तू' म्हणते. आज 'तुम्ही' होतं.

"तुम्ही अण्णांबद्दल कुठे काय बोललात?"

"कुठे म्हणजे?"

"आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो आलाय. मेसेजचा. अश्रूंसह वळत आहेत. तुमचं नाव आहे त्यात."

"अण्णांचं नाव नाहीये क्षितिजा."

ती म्हणाली, "काल दोन जण येऊन गेले. कुठल्या संघटनेचे ते सांगितलं नाही. म्हणाले, आजोबांवर कोणी दबाव आणतंय का. अण्णा म्हणाले, हो, मुलगी मेथी खायला लावते. ते हसले नाहीत. मी दिवसभर बाहेर असते, दौलतदादा. ते एकटे असतात. उद्या कोणी आत येऊन व्हिडिओ काढला, त्यांना काहीबाही बोलायला लावलं, तर? त्यांना समोरच्याचा चेहरासुद्धा दिसत नाही."

मी म्हटलं, मी येतो, बोलतो.

"येऊ नका," ती म्हणाली. "सध्या येऊच नका."

३ एप्रिल, गुरुवार

शोध घेतला. मंडळीच्या ग्रुपवर एकशे बारा जण. प्रितीबाईंनी यादी त्यांच्या बहिणीला पाठवली, बहिणीने मुलीला, मुलीने ऑफिसातल्या मैत्रिणीला, ती मैत्रीण अण्णांच्याच बिल्डिंगमध्ये राहते. प्रत्येकीने प्रार्थनेसाठीच पाठवलं होतं. शेवटचीने फक्त गंमत म्हणून. दोन दिवसांत सात फोन केले. कोर्टातल्या फितूर साक्षीदाराचाही माग मी इतका चोख काढला नसता.

शेवंतीला सगळी साखळी सांगितली. ती भाजी निवडत होती.

"पहिला माणूस राहिला," ती म्हणाली.

"कोण? प्रितीबाईंनीच सुरुवात—"

"प्रितीबाईंना कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, विषय मागितला होता, मी दिला. पद्धत आहे ती. तिने पुढची जुडी घेतली. ती थोडा अन्यायच करते आहे.

५ एप्रिल, शनिवार

क्षितिजाने बोलावलं. आनंदाने गेलो. घरात सोसायटीचे सेक्रेटरी सीतारामही बसले होते. निवृत्त कारकून, मृदू माणूस, हातात कोरा कागद.

"आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं येता, आम्ही बघतो ना. पण ते दोघे परत आले तर दाखवायला काहीतरी लेखी पाहिजे. उद्या पोलिसात अर्ज पडला तर या वयात अण्णा जबाब देत फिरणार का?"

अण्णा खुर्चीत होते. माझी रोजची खुर्ची समोर नव्हती. मी उभाच राहिलो.

"अण्णा, मी नाव घेतलं नव्हतं."

"हं. गिरगावात आता संस्कृतवाले म्हातारे किती उरले रे? मोजायला एक बोट पुरतं, आणि ते माझ्याकडेच वळतं."

"त्या लोकांनी ते 'वळत आहेत' घातलं. मी फक्त म्हणालो की ऐकताना तुमच्या डोळ्यांत—"

"दौलत," ते म्हणाले, "ते थेंब होते. तूच घातले होतेस."

सीतारामांनी कागदाची घडी सरळ केली.

"तू मला बातमी केलंस," अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "कोर्टातल्या आरोपीचंही म्हणणं तू छापतोस. मला विचारायला तुला एक वाक्य लागलं असतं. मी रोज तुझ्यासमोर बसलेला होतो."

कागद मीच लिहिला. सीताराम सांगत गेले: यापुढे मी सदर घरी वाचनासाठी किंवा अन्य कारणासाठी येणार नाही. लिहून क्षितिजाकडे दिला. अण्णा म्हणाले, "ऱ्हस्वदीर्घ तपास गं. घाबरला की चुकतो तो." तिने तपासलं. तिचे डोळे लाल होते.

शास्त्राचं पुस्तक तिथेच त्यांच्या स्टुलावर राहिलं. मागायला तोंड उघडलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

सहाला जाग आली. शेवंतीचं पुस्तक घेऊन बसलो. दोन ओळी वाचल्या आणि आवाज ऐकणारं कोणी नाही हे लक्षात आलं. कार्डावर खूण केली नाही. शेवंतीने विचारलंही नाही.

९ एप्रिल, बुधवार

आजचा नेमलेला भाग: प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लाव, आणि जो गुप्तपणे पाहतो त्याच्याशी बोल. चौकात उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना त्यांचं फळ आधीच मिळून चुकलेलं आहे.

चार वेळा वाचला. समास, विग्रह, पाठभेद, काही दिसलं नाही. पाळकसाहेबांनी माझा हात किती वेळ धरला होता ते मात्र दिसलं. दत्तारामपेक्षा जास्त वेळ, हे मी त्याच संध्याकाळी या वहीत लिहून ठेवलंय. मीच.

पाने मागे उलटून वाचली. २४ तारखेला थेंब झोंबतात असं लिहिलंय, २६ला अश्रू. दोन्ही एकाच हाताने. एवढं कच्चं काम शिकाऊ वार्ताहराने आणलं असतं तर मी ते परत केलं असतं. मला खरं नको होतं. मला साक्ष हवी होती.

अण्णांचा तो प्रश्न, एकटाच का. उत्तर आलं असं वाटतं. लिहीत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

घरसभा पुन्हा प्रितीबाईंकडे आली, ठरलेल्या घरी आजारपण होतं म्हणून. जिना चढताना दोनदा थांबलो. शेवंती म्हणाली, "नको वाटत असेल तर घरी जाऊ." मी म्हटलं, नको वाटतंय, चल.

विषयांच्या वेळी उभा राहिलो. म्हटलं, दोन आठवड्यांपूर्वी मी इथे जे सांगितलं ते खोटं होतं. ते गृहस्थ कुठेही वळत नाहीत. ते आपली संध्या करतात. मी वाचन टाळत होतो म्हणून त्यांनी मला रोज पहाटे समोर बसवलं. सेवा त्यांनी माझी केली, मी त्यांची नाही. डोळ्यांतलं पाणी औषधाचं होतं आणि औषध मी घातलं होतं. त्यांना न विचारता मी त्यांचा विषय केला, कारण मला वीस वर्षं सांगण्यासारखं काही नव्हतं.

प्रितीबाईंच्या हातात पेन तसंच.

"म्हणजे ती स्तुती परत घ्यायची का?" त्यांनी विचारलं. कुत्सितपणे नाही, नोंद कशी करावी हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

"हो."

"आणि आम्ही रोज प्रार्थना केली त्याचं काय? माझ्या आईने उपास धरला त्यांच्यासाठी."

"प्रार्थना खरी होती, बाई. विषय खोटा होता."

त्या दुखावल्या. पाळकसाहेबांनी पुढच्या माणसाकडे पाहिलं. निघताना कोणी हात धरला नाही. दत्ताराम मात्र चप्पल घालताना शेजारी आला आणि म्हणाला, "माझी पण दारूची शपथ तीन महिन्यांनी एकदा मोडली होती. त्या दिवशी सांगितलं नाही मी." मी म्हटलं, माझ्याकडून ही गोष्ट कुठे जाणार नाही. म्हणालो खरा, आणि इथे लिहून बसलोय. शेवंती झोपली की वरचं वाक्य खोडायला हवं.

१४ एप्रिल, सोमवार

दादरला औषधाच्या दुकानात क्षितिजा भेटली. अण्णांचे थेंब घेत होती. मला पाहून पाकीट पर्समध्ये टाकलं आणि उभी राहिली.

"तुमचा खुलासाही आला आमच्या ग्रुपवर," म्हणाली. "आधीच्या मेसेजपेक्षा फार कमी जणांनी वाचला."

"खुलाशांचं तसंच असतं."

"अण्णांना वाचून दाखवला."

ते काय म्हणाले हे मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही. मग दुकानदाराने सुटे दिले ते मोजता मोजता म्हणाली, "सहाला उठून खुर्चीत बसतात. तासभर. मी म्हटलं, काही वाचू का? तर म्हणतात, तुला साइटवर जायचंय, तू आवर."

"ते दोघे परत आले?"

"नाही. पण कागद सीतारामकाकांकडे आहे, आणि तो राहू दे. मला भीती वाटते, दौलतदादा. तुमची नाही." मग, "तुमचं पुस्तक आमच्याकडे राहिलंय. पाठवून देते."

"घाई नाही," मी म्हटलं.

१६ एप्रिल, बुधवार

मानसीने बोलावलं. आमच्या रविवार पुरवणीची संपादक, वय एकतीस. मला सर म्हणते आणि माझी वाक्यं कापते. तिच्यापर्यंतही गोष्ट पोचली आहे. "सर, या रविवारी ईस्टर आहे. हिंदू गुरू, ख्रिस्ती शिष्य, पहाटेचं वाचन, मग हे सगळं. तुम्ही स्वतः लिहा. नावं बदलू. गैरसमजही दूर होतील."

शेवटचं वाक्य मला पटलं. तासाभरात सातशे शब्द झाले. चांगले झाले होते. अण्णांचं ते मेथीचं वाक्य दुसऱ्या परिच्छेदात नेमकं बसलं होतं. वाचणाऱ्याला अण्णा आवडले असते, आणि मलाही क्षमा मिळाली असती, पाच लाख प्रतींत.

मग वाटलं, एकदा विचारावं. फोन हातात घेतला. आणि कळलं की विचारलं तर अण्णा 'लिही' म्हणतील. शिष्याला ते नाही म्हणत नाहीत. म्हणून विचारणंही त्यांच्यावर टाकायचं नव्हतं.

सातशे शब्द पुसले. मानसीला सांगितलं, माझ्याकडे काही नाही. ती म्हणाली, "सर, सगळ्या ऑफिसला माहीत आहे की आहे."

"ऑफिसला काय माहीत आहे ते ऑफिसने लिहावं. माझ्याकडे नाही."

रागावली असावी. पुढच्या महिन्यातलं माझं सदर बहुधा जाईल.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

बारा ते तीन चर्चमध्ये उपासना. मधल्या शांततांत इतर लोक खोकतात, पाने चाळतात. मी पूर्वी तेच करायचो.

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

पहाटेची उपासना. मेणबत्त्या, गाणी, सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. प्रितीबाईंनी हात पुढे केला, हसल्या मात्र नाहीत. तेवढंही पुष्कळ आहे.

कार्ड वेदीपाशी ठेवलं नाही. पाच एप्रिलपासून पुढचे सगळे चौकोन कोरे आहेत. वाचन मात्र नऊ तारखेपासून एकही दिवस चुकलेलं नाही. पाळकसाहेबांनी नजरेने विचारलं. मी मान हलवली. नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं त्यांनी पाहिलं आणि खांद्यावर थोपटलं. सांगावंसं फार वाटलं. जिभेच्या टोकावर आलं होतं.

नाही सांगितलं.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी सव्वासहाला वाचत बसलो होतो तेव्हा फोन आला. दोन मिनिटंही बोलणं झालं नाही. मला विचारलं गेलं की शेवटी कुठपर्यंत आलो होतो. मी पान सांगितलं. उजवीकडचं, वरून तिसरा परिच्छेद, हेही सांगितलं. पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी लांबून म्हणालं की उच्चार सावकाश कर, घाई नाहीये. मग फोन बंद झाला.

शेवंती दारात उभी होती. "कोणाचा होता?"

"ते सांगता यायचं नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि जाताना खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं.

कोणाचा ते इथेही लिहीत नाही.